वाचक विचारतात : वाइडबँड सेन्सर आणि ईसीयूची जोडणी

आफ्टरमार्केट ईसीयूला, म्हणजे बाहेरून घेऊन बसवलेल्या इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचे प्रमाण सांगणारा) जोडताना येणाऱ्या अडचणींची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी दोष सेन्सरला दिला आहे. लिहिलेली लक्षणे नीट वाचली तर मात्र बोट अर्थिंगकडे आणि कॅलिब्रेशनकडे जाते.

प्रश्न : सेन्सर चालवणाऱ्या कंट्रोलरला डिजिटल केबलने जोडलेल्या गेजवर आयडलला हवा-पेट्रोलचे गुणोत्तर (एएफआर) १४.७ दिसते, पण ईसीयूच्या लॉगमध्ये १५.१ ते १५.२ येते. रात्री हेडलाइट लावले की फरक आणखी वाढतो. कंट्रोलरचा ०–५ व्होल्टचा आउटपुट ईसीयूच्या अॅनालॉग इनपुटला दिला आहे. ० व्होल्टला ७.३५ आणि ५ व्होल्टला २२.३९ अशी पट्टी ईसीयूत भरली आहे. कंट्रोलरची काळी तार डॅशबोर्डखाली बॉडीला कसली आहे. नवा सेन्सर लावूनही फरक तोच. आता काय बदलावे?

उत्तर : काळी तार कुठे कसली आहे, तेवढेच बदला. सेन्सर ठीक आहे, हे गेजच सांगतोय.

तुमच्या पट्टीत १ व्होल्ट म्हणजे साधारण ३ एएफआर. १४.७ ला कंट्रोलर २.४४ व्होल्ट देतो. ईसीयूला १५.१५ दिसते, म्हणजे त्याच्यापर्यंत २.५९ व्होल्ट पोचतात. मधले ०.१५ व्होल्ट अर्थमध्ये तयार होतात. सेन्सरचा हीटर गरम होताना एक ते तीन अँपिअर ओढतो आणि हा सगळा प्रवाह त्या काळ्या तारेतून, रंग लावलेल्या पत्र्यातून, बॉडीच्या जोडांतून बॅटरीपर्यंत परत जातो. वाटेत ०.०५ ओहमचा रोध असला आणि प्रवाह २ अँपिअर असला, तरी कंट्रोलरचा ‘शून्य’ बॅटरीच्या शून्यापेक्षा ०.१ व्होल्ट वर उचलला जातो. तोच बोल्ट हेडलाइटचा अर्थही वाहत असेल तर दिवे लावताच तो आणखी वर जातो. ईसीयू सिग्नल स्वतःच्या शून्यापासून मोजतो, कंट्रोलरच्या नाही. गेजला आकडा डिजिटल मिळतो, म्हणून त्याला यातले काहीच दिसत नाही.

तुमच्या बाबतीत ईसीयूला मिश्रण खरे असते त्यापेक्षा लीन (पेट्रोल कमी) दिसते. क्लोज्ड लूप (सेन्सरच्या आकड्यावरून पेट्रोल आपोआप दुरुस्त करणे) चालू असेल तर तो पेट्रोल वाढवत नेईल आणि गाडी रिच (पेट्रोल जास्त) चालेल. खर्च वाढेल, पण इंजिन वाचेल. उलटा फरक जास्त घातक. ईसीयूचा अर्थ खराब असेल तर इंजेक्टर आणि कॉइलच्या प्रवाहाने ईसीयूचाच शून्य वर जातो, सिग्नल कमी भासतो आणि लॉगमध्ये मिश्रण रिच दिसते. ट्यून करणारा ते बघून पेट्रोल कापतो. टर्बो इंजिनात पूर्ण लोडवर असे झाले तर पिस्टनची किंमत मोजावी लागते.

आधी मोजून खात्री करा. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, लाल प्रोब कंट्रोलरच्या काळ्या तारेच्या टोकाला आणि काळा प्रोब ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला लावा. थ्रॉटल पोझिशन सेन्सरची अर्थची तार यासाठी सोयीची पडते. इंजिन चालू, सेन्सर गरम, मग हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटर फॅन एकेक करून चालू करा. १० मिलिव्होल्टच्या आत राहिले तर उत्तम. २० मिलिव्होल्ट म्हणजे तुमच्या पट्टीवर ०.०६ एएफआर, तेही चालून जाईल. १०० च्या वर गेले तर कारण सापडले.

दुरुस्ती अशी : ईसीयूच्या पॉवर ग्राउंडच्या तारा इंजिन ब्लॉकवर किंवा हेडवर ज्या बोल्टखाली आहेत, त्याच बोल्टखाली कंट्रोलरची काळी तार स्वतंत्र रिंग लग क्रिंप करून बसवा. खालचा रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करा. तार १ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. ब्लॉक ते बॅटरी ही अर्थची जाड पट्टीही या निमित्ताने तपासून घ्या. ती सैल असेल तर बाकी सगळे व्यर्थ आहे.

‘मग काळी तार थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच जोडू का?’ असे पुष्कळजण विचारतात. अजिबात नको. सेन्सर ग्राउंड ही मिलिअँपिअरसाठी असलेली बारीक वाट आहे. तिच्यातून हीटरचे दोन अँपिअर गेले तर थ्रॉटल, कूलंट तापमान, मॅप (इनटेकमधला दाब) असे सगळे सेन्सर एकदम चुकीचे वाचू लागतात. शिवाय ईसीयूच्या बोर्डावरचा ट्रॅक जळू शकतो. अपवाद एकच. काही कंट्रोलरांना अॅनालॉग आउटपुटसाठी ‘प्लस’ आणि ‘मायनस’ अशा दोन वेगळ्या तारा असतात. एईएमच्या एक्स-सिरीज गेजमध्ये पांढरी प्लस आणि तपकिरी मायनस. त्यातली मायनस सेन्सर ग्राउंडलाच जाते, कारण तिच्यातून हीटरचा प्रवाह जात नाही. तिथेही काळी पॉवरची तार ब्लॉकवरच.

अर्थ सुधारूनही थोडा फरक राहिला तर दोन बिंदूंची चाचणी करा. कंट्रोलरचे सॉफ्टवेअर आउटपुटची दोन्ही टोके बदलू देत असेल तर दोन्ही टोकांना एकच व्होल्टेज भरा, म्हणजे आउटपुट एका जागी स्थिर राहतो. एकदा १ व्होल्ट, एकदा ४ व्होल्ट ठेवून ईसीयू काय वाचतो ते पहा. दोन्हीकडे चूक सारखीच असेल तर अर्थचाच फरक. दोन्हीकडे चूक वेगवेगळी आली तर पट्टी चुकली आहे, किंवा इनपुटवर ईसीयूच्या आत पुल-अप किंवा पुल-डाउन रोधक जोडलेला राहिला आहे, किंवा ईसीयूची ५ व्होल्टची संदर्भपातळी खरी ५ नाही. या शेवटच्या कारणाकडे कोणी बघत नाही. थ्रॉटल सेन्सर ईसीयूच्याच ५ व्होल्टवर चालतो, त्यामुळे ते ४.९ झाले तरी गुणोत्तर तेच राहते. वाइडबँड कंट्रोलर मात्र स्वतःचे व्होल्ट देतो, त्याला गुणोत्तराचा आधार नसतो. ४.९ च्या संदर्भावर २.४४ व्होल्ट ईसीयूला २.४९ वाटतात आणि एएफआर ०.१५ ने पुढे सरकते.

पट्टीबद्दल सगळ्यांसाठीच एक सूचना : प्रत्येक कंट्रोलरची पट्टी वेगळी असते. इनोव्हेट एलसी-२ ची कारखान्यातली सेटिंग तुम्ही लिहिली तीच. एईएम एक्स-सिरीजला ०.५ व्होल्टला ८.५ आणि ४.५ व्होल्टला १८. स्पार्टन २ ला ० व्होल्टला १० आणि ५ व्होल्टला २०. ईसीयूच्या यादीतून ‘साधारण तसेच’ नाव निवडले तर १४.७ च्या जवळ आकडे जुळल्यासारखे वाटू शकतात आणि १२ च्या खाली, नेमके जिथे जपायचे तिथे, चुकतात.

प्रश्न : माझ्या ईसीयूमध्ये वाइडबँड कंट्रोलर आतच आहे आणि तो बॉशच्या एलएसयू ४.९ साठी आहे. माझ्याकडे एलएसयू ४.२ पडून आहे. कपलर बदलून लावता येईल का? आणि तार आखूड पडते, मधे तोडून वाढवली तर चालेल ना?

उत्तर : दोन्हीला ‘नाही’.

कंट्रोलर सेन्सरचे तापमान वेगळ्या थर्मामीटरने मोजत नाही. तो सेन्सरमधल्या नर्न्स्ट सेलचा (ऑक्सिजन ओळखणाऱ्या सिरॅमिक भागाचा) अंतर्गत रोध मोजतो आणि ठरलेला रोध येईपर्यंत हीटर चालवतो. ४.२ साठी हे लक्ष्य ८० ओहम आहे, ४.९ साठी ३०० ओहम. तापमान वाढते तसा हा रोध कमी होतो. म्हणून ४.९ च्या कंट्रोलरवर ४.२ लावला तर तो ३०० ओहमलाच थांबतो, सेन्सर अर्धवट गरम राहतो आणि आकडे भरकटतात. उलट केले, म्हणजे ४.२ च्या कंट्रोलरला ४.९ जोडला, तर कंट्रोलर ८० ओहम गाठायला तापवत राहतो आणि सेन्सर भाजून निघतो.

४.९ च्या कपलरमध्ये सहा पिना असतात, पण सेन्सरकडून येणाऱ्या तारा पाचच. रंग आणि पिना अशा : १ लाल, पंप करंट. २ पिवळी, व्हर्च्युअल ग्राउंड. ३ पांढरी, हीटर मायनस. ४ राखाडी, हीटर प्लस. ५ हिरवी, ट्रिम रोधक. ही फक्त हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या) बाजूला असते. ६ काळी, नर्न्स्ट व्होल्टेज. तो ट्रिम रोधक सेन्सरच्या कपलरच्या पोटात बसवलेला असतो आणि त्या एकाच सेन्सरसाठी कारखान्यात लेझरने कापून जुळवलेला असतो. कपलर कापून फेकला की त्या सेन्सरचे कॅलिब्रेशनही गेले. दुसऱ्या सेन्सरचा कपलर जोडणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणे.

‘व्हर्च्युअल ग्राउंड’ या नावाने फसू नका. पिवळी तार अर्थ नाही. कंट्रोलर तिला शून्याच्या वर, ठरावीक व्होल्टेजवर धरून ठेवतो. तिला बॉडीला जोडले तर ईसीयूतला कंट्रोलर खराब होऊ शकतो. पांढरी तारसुद्धा अर्थला जोडायची नाही. ईसीयू तिला पल्स देऊन हीटर नियंत्रित करतो. ती थेट अर्थ झाली तर हीटरला पूर्ण १४ व्होल्ट लागतात आणि सेन्सर थोड्याच वेळात मरतो. राखाडी तारेला रिलेनंतरचा १२ व्होल्ट पुरवठा द्या, मधे ईसीयूच्या पुस्तिकेत दिलेला फ्यूज.

तार वाढवायची असेल तर सेन्सरची बाजू तशीच ठेवून हार्नेसच्या बाजूला वाढवा, सहाही तारा सारख्याच लांबीच्या घेऊन. लाल, पिवळी, काळी, हिरवी एका पिळात ठेवा, हीटरच्या दोन तारा वेगळ्या पिळात. इग्निशन कॉइलच्या तारांपासून लांब न्या. ४.२ च्या बाबतीत सेन्सरची स्वतःची तार कापून सोल्डर करणे आणखी वाईट, कारण त्याला लागणारी संदर्भाची हवा तारेच्या आतूनच पोचते. सांधा सोल्डरने बुजला की सेन्सरचा श्वास कोंडतो.

सेन्सर काढून टेबलावर तपासायचा असेल तर दोन मोजमापे पुरेशी. थंड सेन्सरच्या पिन ३ आणि ४ मध्ये साधारण ३ ओहम यायला हवेत. पिन १ आणि ५ मध्ये ट्रिम रोधक दिसतो, तो बहुधा ३० ते ३०० ओहमच्या पट्ट्यात असतो. बाकी पिनांना ओहममीटर लावू नका.

प्रश्न : सेन्सर पाईपवर नेमका कुठे आणि कसा बसवावा? टर्बो आहे.

उत्तर : टर्बोच्या नंतर, डाउनपाईपवर, टर्बोपासून साधारण ६० ते ९० सेंटिमीटर अंतरावर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. टर्बोच्या आधी बसवला तर तिथला दाब आकडे ओढतो आणि उष्णताही सोसवत नाही. एलएसयू ४.९ ला सतत ९३० अंश सेल्सिअसच्या वरचा एक्झॉस्ट चालत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात चारही नळ्या एकत्र येतात त्याच्या थोडे पुढे बसवा. एकाच नळीत लावलात तर एकाच सिलिंडरचे मिश्रण कळेल.

सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर झुकलेला हवा. घड्याळाच्या काट्यांवर सांगायचे तर दहा ते दोनच्या मधे. खाली किंवा आडवा लावला तर पाण्याचे थेंब त्याच्या टोकात साचतात. आटे एम१८ × १.५. कसण्याचा टॉर्क ४० ते ६० न्यूटन-मीटर. अँटी-सीझ फक्त आट्यांना, टोकाला थेंबही नको. बंग (सेन्सर बसवायचा आटे असलेला तुकडा) पाईपला वेल्ड करताना आट्यात जुना सेन्सर किंवा डमी प्लग फिरवून ठेवा, नाहीतर उष्णतेने आटे वाकतात. नवा सेन्सर त्या वेळी तिथे नको आणि बॅटरीही काढलेली असू द्या.

सेन्सरच्या आधी फ्लँजमधून किंवा तडा गेलेल्या वेल्डमधून थोडीशी जरी हवा आत ओढली जात असेल, तर आयडलला खोटे लीन दिसेल आणि आरपीएम वाढवले की ते नाहीसे होईल. असे लक्षण दिसले तर ईसीयू उघडण्याआधी गॅस्केट बघा. मागचा पाईप फारच आखूड असेल तरही हाच प्रकार होतो, तेव्हा शेपटीकडून हवा उलटी येते.

प्रश्न : सेन्सर काही महिन्यांतच जातो. दोनदा बदलला. गाडी नुसती चावी फिरवून ट्यून करायला बराच वेळ उभी असते.

उत्तर : कारण तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. चावी फिरवताच हीटर सुरू होतो. इंजिन बंद, पाईप थंड, आत ओलावा. सेन्सरचे सिरॅमिक ७८० अंशांपर्यंत तापते, मग इंजिन सुरू होते आणि पाईपमधले पाण्याचे थेंब त्यावर आदळतात. सिरॅमिक तडकते. एकदा तडकले की सेन्सर फेकण्याशिवाय पर्याय नाही.

उपाय म्हणजे इंजिन चालू झाल्यावरच हीटर सुरू होईल अशी जोडणी. ईसीयूत कंट्रोलर आतच असेल तर ‘इंजिन सुरू झाल्यानंतर इतक्या सेकंदांनी हीटर’ अशी सेटिंग बहुधा मिळते. बाहेरचा कंट्रोलर असेल तर एक वेगळा रिले घ्या आणि त्याची कॉइल ईसीयूच्या फ्युएल पंप आउटपुटवरून चालवा. चावी फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद प्राइम होतो, तेवढ्यात सेन्सर फारसा तापत नाही. इंजिन बंद पडले की हीटरही बंद. कंट्रोलरला पंपाच्याच तारेवरून पुरवठा देऊ नका. पंपाची मोटर त्या तारेवर गोंगाट करते आणि व्होल्टेजही खाली ओढते. ईसीयूला मोकळा आउटपुट असेल तर तो ‘आरपीएम ५०० च्या वर’ अशा अटीवर रिलेला जोडणे सगळ्यात स्वच्छ.

याच्या उलट चूक म्हणजे कंट्रोलर काढून ठेवायचा आणि सेन्सर पाईपमध्येच राहू द्यायचा. थंड सेन्सरवर काजळी बसते, ती जळून जायला उष्णताच नसते. काही दिवस कंट्रोलर नसणार असेल तर सेन्सर काढून बंगला प्लग लावा.

याखेरीज शिसेयुक्त इंधन, तेल जाळणारे इंजिन आणि एक्झॉस्टच्या जोडात लावलेला साधा सिलिकॉन सीलंट हे तिघे सेन्सर मारतात. सीलंट लावायचाच असेल तर डब्यावर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेला घ्या.

प्रश्न : कंट्रोलर ईसीयूला अॅनालॉग तारेने जोडावा की कॅनने (दोन तारांच्या डिजिटल बसने)?

उत्तर : दोन्ही बाजूंना कॅन असेल तर कॅन. आकडा डिजिटल जातो, त्यामुळे अर्थच्या फरकाने आकडा सरकत नाही. शिवाय सेन्सर गरम झाला की नाही, बिघाड आहे की नाही, हेही ईसीयूला कळू शकते. दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून न्या आणि बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक ठेवा. सगळे बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लोमध्ये मोजा. ६० ओहम आले तर बरोबर, १२० म्हणजे एक रोधक गायब, ४० म्हणजे एक जास्त. दोन्हीकडे वेग एकच हवा, बहुतेक वेळा तो ५०० केबीपीएस असतो. पॉवरचा अर्थ मात्र कॅन असला तरी इंजिनवरच.

प्रश्न : क्लोज्ड लूप चालू केला की आयडलला एएफआर १३.५ ते १६ मध्ये झोके घेते. मधेच मिसफायर होतो तेव्हा सेन्सर लीन दाखवतो, पण प्लग काळे आहेत. अॅक्सिलरेटर सोडला की आकडा टोकाला जाऊन अडकतो.

उत्तर : तीन वेगळ्या गोष्टी आहेत, शेवटापासून घेऊ.

अॅक्सिलरेटर सोडल्यावर ईसीयू इंधन तोडतो, सेन्सरला शुद्ध हवा मिळते आणि आकडा टोकाला जातो. हे बरोबरच आहे. तिथे गेला नाही तरच काळजी करा. फक्त इंधन पुन्हा सुरू झाल्यावर पाईपमधली हवा निघून जाईपर्यंत क्लोज्ड लूप थांबवणारी वेळ भरा. नाहीतर ईसीयू प्रत्येक वेळी घाबरून पेट्रोल ओततो.

मिसफायरमध्ये न जळलेले पेट्रोल आणि न जळलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर येतात. सेन्सर त्यातला ऑक्सिजन पकडतो आणि लीन सांगतो. प्लग काळे असताना त्याच्या सांगण्यावर पेट्रोल वाढवले तर मिसफायर वाढेल, सेन्सर आणखी लीन सांगेल आणि तुम्ही चक्रात अडकाल. आधी प्लग, कॉइल, ड्वेल (कॉइल चार्ज होण्याची वेळ) बघा. तोवर क्लोज्ड लूप बंद.

झोके येतात कारण आयडलला एक्झॉस्टचा वेग कमी असतो आणि इंजेक्टरने दिलेल्या पेट्रोलचा परिणाम सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. ईसीयू तो वेळ न थांबता पुढची दुरुस्ती करतो, मग तीही जास्त ठरते आणि उलट दिशेने धावतो. विलंबाची सारणी असेल तर आयडलच्या रकान्यात वेळ वाढवा. हा विलंब लॉगवरून मोजता येतो : व्हीई (सिलिंडर हवेने किती भरतो तो) आकडा एकदम १० टक्के वाढवा आणि एएफआर हलायला किती मिलिसेकंद लागतात ते पहा. मग प्रपोर्शनल गेन (दुरुस्तीचा जोर) निम्मा करा. दुरुस्तीची मर्यादा ±१० टक्के पुरे. त्याहून जास्त लागत असेल तर व्हीई टेबल चुकले आहे, ते आधी सुधारा. कूलंट ६० अंशांच्या वर जाईपर्यंत लूप सुरूच होऊ देऊ नका.

प्रश्न : इथेनॉल मिसळलेले पेट्रोल भरल्यावर १४.७ चे लक्ष्य बदलायचे का?

उत्तर : ईसीयूत लॅम्डामध्ये (संतुलित मिश्रणाला १ धरणाऱ्या मापात) काम करा, प्रश्नच उरणार नाही. सेन्सर लॅम्डाच मोजतो. एएफआर हा कंट्रोलरने १४.७ ने गुणून दिलेला आकडा आहे. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचे खरे संतुलित गुणोत्तर १४.१ च्या आसपास असते, ई८५ चे ९.८ च्या आसपास. तरीही गेज १४.७ च दाखवेल, कारण लॅम्डा १ आहे. गेजवर १४.१ आणायला गेलात तर मिश्रण चार टक्के रिच होईल. ज्यांना एएफआर सोडवत नाही त्यांनी कंट्रोलर आणि ईसीयू दोन्हीकडे एकच गुणक ठेवावा. एकीकडे १४.७ आणि दुसरीकडे १४.१ ठेवले तर पहिल्या प्रश्नातल्यासारखाच फरक दिसेल, आणि तो कोणत्याही मल्टिमीटरला सापडणार नाही.